विहिरीच्या तळाचं पाणी



डिसेंबर १९९२ची गोष्ट. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या शहरात संचारबंदी लागलेली आणि घरात आजी तापाने फणफणत होती. दवाखाने बंद, रिक्षा बंद. अब्बांना गल्लीच्या तोंडापर्यंत जायचीही सोय नव्हती. अशात संध्याकाळी मागच्या दाराची कडी वाजली. दारात सिस्टरबाई उभ्या होत्या. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. इंजेक्शनचा डबा पदराखाली धरलेला. लागोपाठ तीन दिवस त्या आल्या. तिसऱ्या दिवशी अम्मीने विचारलं, "सिस्टर, तुम्हांला भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "वाटते ना! प्रार्थना केली म्हणून भीती जात नाही. पण भीती असतानाही पाय उचलतो."

तेव्हा ते उत्तर मला अपुरं वाटलं होतं. प्रार्थना करायची आणि तरीही भ्यायचं, तर मग प्रार्थनेचा उपयोग काय? पुष्कळ वर्षांनी एका फिल्म सोसायटीत मी एक फ्रेंच चित्रपट पाहिला. २०१० साली कान महोत्सवात तो गाजला होता. अल्जेरियातल्या सात ख्रिस्ती मठवासीयांची ती खरी हकिगत. त्या रात्री घरी चालत येताना सिस्टरबाईंचं वाक्य आठवलं. मग त्या मठाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. आज त्या माणसांबद्दल बोलणार आहे. चहूकडे हिंसा असताना त्यांना त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेतून कसली शांती मिळाली, आणि एका मुसलमान कवीला ती आपलीशी का वाटावी, हे सांगायचा प्रयत्न करतो.

आधी एक शब्दांची गोष्ट. मराठीत 'शांतता' आणि 'शांती' असे दोन शब्द आहेत, आणि ते एक नाहीत. संचारबंदीत शांतता असते. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पण त्या शांततेत शांती नसते, हे ज्यांनी ती भोगली आहे त्यांना सांगायला नको. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या शिष्यांना शांती देतो, ती कोणत्या घडीला? त्याला अटक झाली त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी क्रूस आहे, हे ठाऊक असताना. म्हणजे ही शांती सुरक्षिततेचं आश्वासन नव्हे. संकट टळेल, असं तिथे कोणी म्हटलेलं नाही. पुनरुत्थानानंतर शिष्यांपुढे उभा राहिल्यावरही त्याचं पहिलं अभिवादन शांतीचंच आहे. आम्ही एकमेकांना सलाम करतो, त्याचाही अर्थ तोच. या अभिवादनाचा अर्थ जगून पाहणं म्हणजे काय, ते तिभिरीनच्या मठात दिसतं.

अल्जेरिया हा उत्तर आफ्रिकेतला देश. फ्रान्सने १८३० साली त्यावर चढाई केली आणि १९६२पर्यंत तिथे राज्य केलं. शेवटची आठ वर्षं स्वातंत्र्ययुद्धाची होती. राज्यकर्त्यांबरोबर त्यांचा धर्मही आला. राजधानी अल्जिअर्समधली केचावा मशीद १८३२ साली ताब्यात घेऊन तिचं चर्च केलं गेलं, आणि स्वातंत्र्यानंतर ती पुन्हा मशीद झाली. हे सांगितलं पाहिजे, कारण तिथल्या सामान्य माणसाला क्रूस प्रथम दिसला तो तोफेच्या शेजारी. अशा देशात ख्रिस्ती माणसाने शांतीची भाषा बोलायची, तर आधी तो आपला इतिहास पुसून काढू शकत नाही. तो फक्त शेजाऱ्यासारखं वागून दाखवू शकतो.

अल्जिअर्सच्या दक्षिणेला, मेदेआ गावाजवळ अ‍ॅटलास पर्वताच्या उतारावर तिभिरीन आहे. बर्बर भाषेत या नावाचा अर्थ बागा किंवा मळे. १९३८ साली तिथे ट्रॅपिस्ट पंथाच्या मठवासीयांनी मठ उभारला. हे लोक सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमाने राहतात. दिवसातून सात वेळा एकत्र प्रार्थना, पहिली पहाटे अंधारात. मधल्या वेळात अंगमेहनत, वाचन आणि बरंचसं मौन. धर्मप्रचार हे त्यांचं काम नव्हे. त्यांच्या व्रतांत एक व्रत असं असतं, की ज्या मठात पाऊल टाकलं तिथेच आयुष्य काढायचं. जागा सोडायची नाही. वारीत चालत राहण्याला जसा अर्थ आहे, तसा यांच्याकडे एका जागी टिकून राहण्याला आहे. पुढे याच व्रताची कसोटी लागली.

मठाची जमीन होती. ती ते गावकऱ्यांच्या भागीदारीत कसत. भाजीपाला, फळझाडं, मधाच्या पेट्या. गावाला मशीद नव्हती, तेव्हा मठाने आपल्या आवारातली एक खोली नमाजासाठी दिली. एकाच आवारातून घंटाही वाजे आणि अजानही होई. ब्रदर ल्यूक हे त्यांच्यातले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात, बायकामुलं असलेल्या एका माणसाच्या ऐवजी ते आपखुशीने जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेले होते. १९४६ साली तिभिरीनला आले आणि पन्नास वर्षं त्यांनी गोरगरिबांना मोफत औषधपाणी केलं. १९५९ साली, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, बंडखोरांनी त्यांना पळवून नेलं होतं आणि मग सोडून दिलं होतं. परत आल्यावरही त्यांनी रुग्णाला तो कोणत्या बाजूचा, हे कधी विचारलं नाही.

मठाचे प्रमुख क्रिस्तियाँ द शेर्जे. लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा, जन्म १९३७चा. लहानपणीची काही वर्षं अल्जिअर्समध्ये गेली. नमाज पढणाऱ्या माणसांकडे पाहून हसायचं नाही, ते देवाचीच प्रार्थना करताहेत, ही शिकवण त्यांना आईकडून मिळाली. पुढे स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ते फ्रेंच सैन्यात तरुण अधिकारी म्हणून पुन्हा अल्जेरियात आले. तिथे त्यांची महंमद नावाच्या एका ग्रामरक्षकाशी मैत्री झाली. दहा मुलांचा बाप, साधा, देवभोळा माणूस. एके दिवशी बंडखोरांनी क्रिस्तियाँ यांना गाठलं, तेव्हा महंमद मध्ये पडला आणि त्याने आपल्या मित्राला वाचवलं. दुसऱ्या दिवशी महंमद आपल्या विहिरीच्या काठावर मरून पडलेला सापडला.

क्रिस्तियाँ यांचं पुढचं सगळं आयुष्य या विहिरीच्या काठावरून सुरू होतं. मित्रासाठी प्राण देण्यापेक्षा मोठं प्रेम नाही, ही येशूची शिकवण त्यांनी लहानपणापासून ऐकली होती. ती आचरणात आणून दाखवली एका मुसलमानाने. ते धर्मगुरू झाले, मठवासी झाले, रोमला जाऊन अरबी आणि इस्लामचा अभ्यास केला आणि महंमदच्या मातीत राहायला परतले. कुराण ते नेमाने वाचत. १९७९ साली त्यांनी काही मित्रांसह 'रिबात अस्सलाम', म्हणजे शांतीचा बंध, या नावाचा एक गट सुरू केला. त्यात ख्रिस्ती आणि पुढे सूफी मुसलमान एकत्र बसत. धर्मावर वाद घालायचा नाही, मौन धरायचं, प्रार्थना करायची आणि आपापला अनुभव सांगायचा, एवढीच रीत.

गावातला एक तरुण त्यांच्याकडे अध्यात्माच्या गप्पा मारायला येई. एकदा बऱ्याच दिवसांत गाठ पडली नव्हती. तो म्हणाला, आपण आपली विहीर खणली नाही, त्याला किती दिवस झाले! तेव्हापासून त्यांच्यात तोच शब्द रूढ झाला, विहीर खणणं. एकदा क्रिस्तियाँ यांनी गमतीने विचारलं, तळाशी काय लागेल रे, मुसलमान पाणी की ख्रिस्ती पाणी? तो तरुण थोडा हसला, थोडा खट्टूही झाला. इतके दिवस बरोबर चालूनही तुम्ही हे विचारता? तळाशी देवाचंच पाणी असतं. दुष्काळी भागात वाढलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट लगेच कळते. विहीर खणणाऱ्याचा धर्म वर काठावर असतो. तळाशी फक्त झरा असतो.

आता संघर्षाकडे येऊ. डिसेंबर १९९१मध्ये अल्जेरियात निवडणुकीची पहिली फेरी झाली आणि इस्लामी पक्ष विजयाच्या उंबरठ्यावर आला. जानेवारी १९९२मध्ये लष्कराने निवडणूकच रद्द केली. मग जे यादवी युद्ध पेटलं त्यात एक लाखाहून जास्त माणसं मेली. मरणारे बहुतेक सगळे मुसलमानच होते. शिक्षक, पत्रकार, कवी, खेड्यातल्या बायाबापड्या. हिंसेला धर्माची मान्यता द्यायचं नाकारणारे कित्येक इमामही मारले गेले. १९९३च्या ऑक्टोबरअखेर सशस्त्र गटाने फर्मान काढलं: परदेशी लोकांनी महिन्याभरात देश सोडावा, नाहीतर परिणाम भोगावेत. १४ डिसेंबरला मठापासून काही किलोमीटरवर बारा क्रोएशियन कामगारांचे गळे चिरले गेले.

त्यानंतर दहाच दिवसांनी, २४ डिसेंबरच्या रात्री, बंदूकधारी मठात शिरले. त्यांचा म्होरक्या सयाह अतिया. कामगारांच्या हत्येमागे त्याचाच गट असल्याचं मानलं जातं. क्रिस्तियाँ पुढे झाले आणि म्हणाले, हे शांतीचं घर आहे, इथे शस्त्र घेऊन कोणी येत नाही, बोलायचं तर बाहेर. दाराबाहेर बोलणं झालं. अतियाने तीन गोष्टी मागितल्या. डोंगरातल्या जखमींसाठी डॉक्टर, औषधं आणि पैसा. क्रिस्तियाँ यांनी तिन्हींना नकार दिला. डॉक्टर म्हातारे आहेत, दम्याचे रुग्ण आहेत, डोंगर चढू शकत नाहीत. जखमी माणूस इथे आला तर इतरांसारखाच उपचार होईल. औषधं दारात येणाऱ्या रुग्णांसाठी आहेत. आणि पैसा आमच्याकडे नाही, आम्ही हातांनी कमावून खातो. अतिया म्हणाला, तुमच्यापुढे दुसरा मार्ग नाही. क्रिस्तियाँ म्हणाले, आहे. आणि मग त्यांनी सांगितलं की आज नाताळची रात्र आहे, ज्याला आम्ही शांतीचा राजा म्हणतो त्याचा जन्म आम्ही साजरा करतो आहोत. अतियाने माफी मागितली, आपल्याला ठाऊक नव्हतं म्हणाला. हात मिळवून तो निघून गेला. ते लोक गेल्यावर मठवासीयांनी काय केलं? ठरलेली नाताळची प्रार्थना म्हटली.

या प्रसंगाला चमत्कार म्हणण्याचा मोह होतो. पण तो चमत्कार नव्हता, कारण भीती गेली नव्हती. पुढच्या काही दिवसांत मठवासीयांनी बसून चर्चा केली, तेव्हा निघून जाण्याचाच विचार जोरात होता. यात कमीपणा काहीच नाही. माणसं होती ती. कोणाला रात्री झोप येत नसे. गावकऱ्यांशी बोलताना एक मठवासी म्हणाला, आम्ही फांदीवर बसलेल्या पक्ष्यांसारखे आहोत, कधी उडावं लागेल सांगता येत नाही. त्यावर त्याला उत्तर मिळालं: पक्षी आम्ही आहोत, फांदी तुम्ही. तुम्ही गेलात तर आम्ही कुठे बसायचं? गावकऱ्यांना देश सोडून जायची सोय नव्हती. दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये तेच सापडले होते. मठवासी थांबले, ते शहीद व्हायला नव्हे. शेजारी जात नाहीत, म्हणून तेही गेले नाहीत. सरकारने लष्करी पहारा देऊ केला, तो त्यांनी नाकारला. फक्त रात्री फाटक बंद ठेवायचं कबूल केलं.

मग ते रोज जगत कसे होते? याचं उत्तर अगदी साधं आहे. घंटा वाजली की प्रार्थना. मग शेत. मग दवाखाना. मग स्वयंपाक. पुन्हा प्रार्थना. उद्याचं काय, हा प्रश्न सुटत नाही तेव्हा आजचा दिवस तुकड्यातुकड्याने देवाच्या हाती द्यायचा, हा त्यांचा मार्ग होता. पाच वेळच्या नमाजाने दिवसाला जशी बळकटी येते, तशीच ही गोष्ट आहे. शिवाय त्यांनी भाषेवर पहारा बसवला होता. डोंगरातल्या बंडखोरांना ते 'अतिरेकी' म्हणत नसत, 'डोंगरातले भाऊ' म्हणत. आणि सैनिकांना 'मैदानातले भाऊ'. हे भाबडेपण नव्हतं. अतियाच्या हातांना कोणाचं रक्त लागलं असेल, याची त्यांना कल्पना होती. पण एकदा माणसाला दुसरं नाव दिलं की त्याला मारणं सोपं जातं, हेही त्यांना माहीत होतं. क्रिस्तियाँ यांनी नंतर सांगितलं आहे, की त्या नाताळनंतर अतियासाठी कोणती प्रार्थना करावी, हे त्यांना कळेना. देवा, त्याला मार, असं तर म्हणता येत नाही. त्याला नि:शस्त्र कर, असं म्हणता येईल. पण तसं म्हणण्याचा हक्क मला कधी? आधी मला नि:शस्त्र कर, आम्हांला नि:शस्त्र कर, असं म्हटल्यावर. ती त्यांची रोजची प्रार्थना झाली.

याच काळात त्यांनी एक पत्र लिहून ठेवलं. फर्मानाची मुदत संपली त्या सुमारास, १ डिसेंबर १९९३ला सुरू केलं आणि १ जानेवारी १९९४ला पूर्ण केलं. आपण मारले गेलो तरच उघडावं, अशा बेताने ते घरच्यांकडे पाठवलं. त्यात ते स्वतःच्या मरणाची चिंता करत नाहीत. त्यांना चिंता आहे ती वेगळीच. आपला खून झाला तर लोक अख्ख्या अल्जेरियाला आणि अख्ख्या इस्लामला खुनी ठरवतील. ज्या लोकांवर मी प्रेम केलं त्यांच्यावर माझ्या मरणाचा आळ येणार असेल, तर असं हौतात्म्य मला नको, असं ते स्पष्ट सांगतात. आणि शेवटी आपल्या संभाव्य मारेकऱ्याला ते शेवटच्या क्षणीचा मित्र म्हणतात, त्याचे आभार मानतात. येशूबरोबर क्रूसावर एक चोर होता, त्याला स्वर्गाचं वचन मिळालं. तसे आपण दोघे चोर तिथे आनंदाने भेटू, अशी आशा ते व्यक्त करतात.

श्रोतेहो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. गेल्या तीस वर्षांत जगात कुठेही काही स्फोट झाला, की दुसऱ्या दिवशी कचेरीत, बसमध्ये, कधी मित्रांच्या बैठकीतही नजरा माझ्याकडे वळतात. कोणी वाईट बोलतं असं नाही. पण 'तुमच्या लोकांनी' हा शब्द येतोच. आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्या कोणी काही केलं की 'त्यांच्या लोकांनी' हा शब्द माझ्याही ओठांवर येतो. मारणारा कोण हे कळण्याआधीच एका माणसाने, तोही मरणाच्या दारात उभा असताना, हे दोन्ही शब्द खोडून ठेवले. क्षमा सहसा नंतर केली जाते. त्यांनी ती आधीच करून ठेवली, म्हणजे आपल्यामागे कोणाला आपल्या नावाने सूड घेता येऊ नये.

२६ मार्च १९९६च्या मध्यरात्रीनंतर बंदूकधारी पुन्हा आले. सात मठवासीयांना त्यांनी नेलं. त्यांत ८२ वर्षांचे ब्रदर ल्यूकही होते. दुसऱ्या भागात झोपलेले दोघे त्यांच्या नजरेतून सुटले. मे महिन्यात हत्येची घोषणा झाली आणि ३० मे रोजी फक्त शिरं सापडली. त्यांना नेमकं कोणी मारलं, याविषयी आजही वाद आहे. तिभिरीनच्या मठाच्या आवारातच त्यांच्या कबरी आहेत. बचावलेल्या दोघांपैकी जाँ-पिएर शुमाकर मोरोक्कोतल्या मठात राहिले आणि २०२१ साली, वयाच्या ९७व्या वर्षी वारले.

१९९६ सालीच १ ऑगस्टला ओरान शहराचे बिशप पिएर क्लावेरी आपल्या घराच्या दारात बॉम्बस्फोटात मारले गेले. गाडी चालवणारा महंमद बुशिखी हा मुसलमान तरुणही त्यांच्याबरोबर गेला. वय अवघं २१. धोका त्याला ठाऊक होता, तरी त्याने काम सोडलं नव्हतं. ८ डिसेंबर २०१८ रोजी ओरानमध्ये अल्जेरियाच्या १९ ख्रिस्ती हुतात्म्यांना चर्चने 'धन्य' हा दर्जा दिला. त्या वेळी जमलेले लोक आधी ओरानच्या मोठ्या मशिदीत गेले आणि त्या युद्धात मेलेल्या इमामांची आणि इतर मुसलमानांची त्यांनी आठवण केली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या मेलेल्यांची मोजदाद प्रत्येक जण करतो. दुसऱ्याच्या मेलेल्यांची करायला लागलो, की शांतीची सुरुवात होते.

ही माणसं मेली, तर मग त्यांना कसली शांती मिळाली, असं कोणी विचारेल. मला समजलं ते एवढंच: त्यांना जीव वाचवणारी शांती मिळाली नाही, द्वेष करण्यापासून वाचवणारी मिळाली. दोन वर्षांहून जास्त काळ मरण फाटकाबाहेर उभं असताना त्यांनी रोपं लावली, रुग्ण तपासले, शेजाऱ्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवली. या शांतीचा उगम त्यांच्या ख्रिस्तश्रद्धेत होता, हे मी मोकळेपणाने मानतो. माझा उगम वेगळा आहे. पण त्यांच्या श्रद्धेला पहिलं पाणी एका मुसलमानाने आपल्या विहिरीच्या काठावर पाजलं होतं, हेही ते स्वतःच सांगून गेले. तिभिरीनला आजही माणसं भेट देतात, आणि त्यांत अल्जेरियाचे मुसलमान पुष्कळ असतात.

आमच्या सिस्टरबाई निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या. त्या गल्लीत होत्या तोवर नाताळला त्यांच्या करंज्या आमच्याकडे यायच्या आणि ईदला आमचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जायचा. तीस वर्षांपूर्वी मला अपुरं वाटलेलं त्यांचं उत्तर आता पुरतं. हल्ली फोनवर एखादा विखारी मजकूर येतो, हाताची बोटं उत्तर द्यायला शिवशिवतात. तेव्हा मी फोन उपडा ठेवतो आणि क्रिस्तियाँ यांची प्रार्थना माझ्या भाषेत म्हणतो: या अल्लाह, आधी मला नि:शस्त्र कर. दर वेळी जमतंच असं नाही. पण ज्या दिवशी जमतं, त्या दिवशी शेजारच्या दाराची कडी वाजवायला पाय उचलतो.